जिन्यातला डबा

१

आई पडली ती भर दुपारी आणि सापडली ती उन्हं भिंतीवर चढल्यावर. मधला सगळा वेळ ती पलंग आणि खिडकी यांच्या बेचक्यात, फरशीवर एका कुशीवर पडून होती. मनगट मोडलं होतं आणि हाक मारायला जीभ वळत नव्हती. गेल्या वर्षी झटका आल्यापासून एकेक शब्द जुळवायला तिला तशीही खटपट करावी लागे. घरात कुणी नव्हतं असंही नाही. वरच्या मजल्यावर सून ऑनलाइन शिवणाचा क्लास घेत होती. आईच्या खोलीत कॅमेरा होता आणि त्याचं चित्र घरातल्या चार मोबाइलवर दिसायचं. एवढा बंदोबस्त असून आईला पहिल्यांदा पाहिलं ते औषधाच्या दुकानातून परत आलेल्या मावशींनी, म्हणजे तिला सांभाळायला ठेवलेल्या बाईंनी.

त्याच मावशींना त्याच संध्याकाळी कामावरून काढून टाकलं.

त्याला कारण होतं. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला त्या दुपारी मोठं भगदाड पडलं होतं. आई झोपली आहे, मावशी खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालताहेत, इथवर चित्र होतं. त्यानंतर काहीच नाही. पुन्हा चित्र सुरू झालं तेव्हा खोलीत सगळं घर गोळा झालेलं. आईच्या खोलीत इंटरनेट पोचवणारा एक छोटा पांढरा डबा होता. आईच्या थोरल्या मुलाने, दादाने, सरळ हिशोब मांडला की मावशींनी त्या डब्याची वायर काढली, निवांत बाहेर फिरून आल्या, आणि आई पडलेली दिसताच वायर परत खोचली. मावशींचं आणि कॅमेऱ्याचं वाकडं होतं हे तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर टॉवेल टाकलेला दोन-तीनदा पाहिलाही होता.

काढायचं काम मात्र दादाने बहिणीच्या गळ्यात घातलं. बहीण विमा कंपनीत सर्व्हेअर. जळालेल्या दुकानात आणि भिजलेल्या गोदामात जाऊन नुकसान खरं की बनाव हे शोधणं हा तिचा धंदा. घरात तिला फौजदार म्हणत. ती वरून चिडायची आणि आतून सुखावायची. तिने दादाचं रेकॉर्डिंग पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या सांगण्यावर मावशींना फोन लावला आणि धंद्यात कमावलेल्या थंड आवाजात म्हणाली, "आमच्या आईच्या खोलीत खोटारड्या बाईला जागा नाही. उद्यापासून येऊ नका." डब्याला मी हात लावला नाही आणि वहिनींना सांगून गेले होते, एवढं मावशी म्हणाल्या. फौजदाराने पुढचं ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर दोन नवीन बायका येऊन गेल्या. आई दोघींसमोर तोंड घट्ट मिटून बसली. घास नाही, पाणीही मुश्किलीने. मावशींना ज्या संस्थेने पाठवलं होतं, तिथून फोन आला. तक्रार पक्की असेल तर उद्या तसं कळवा, मग या बाईंचं नाव आम्ही कायमचं कमी करतो. याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना समजला. एकदा नाव गेलं की या शहरात कुठल्याही घराचं दार मावशींना उघडणार नव्हतं.

दादा म्हणाला, "फौजदार, तू येऊन एकदाचं पक्कं करून टाक."

ती निघाली. तासाभराचं काम आहे, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

२

पहिली जबानी वहिनीची. वहिनी वरच्या खोलीत, मशीनवर अर्धा ब्लाउज अडकलेला, गळ्यात टेप. ती आधीच रडवेली झाली होती, कारण आई पडली तेव्हा घरात ती एकटीच होती आणि तोंडावर कुणी बोललं नाही तरी मनात सगळ्यांच्या तेच होतं.

मावशी सांगून गेल्या का? वहिनीने हात झटकले. क्लास चालू होता, कानात हेडफोन, कोणी दाराशी येऊन काही बोललं असेल तर देव जाणे. मानही डोलावली असेल, क्लासमध्ये ती सारखीच डोलवावी लागते. पण क्लास संपल्यावर तिने मोबाइल उघडून आईकडे पाहिलं होतं, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा आई झोपलेली आणि मावशी खुर्चीत.

"मावशी खुर्चीत?" फौजदाराने विचारलं.

"हो, घड्या घालत होत्या. म्हणून तर मी निश्चिंत राहिले ना. त्या तिथे आहेत म्हटल्यावर मी कशाला खाली जाऊ?"

आता गंमत पाहा. औषधाच्या दुकानदाराने मावशींना त्या वेळी दुकानात पाहिलं होतं, औषध त्यानेच दिलं होतं. मावशी दुकानात होत्या हे खरं. वहिनीने त्यांना खुर्चीत पाहिलं हेही ती शपथेवर सांगत होती. दोघींपैकी एक खोटं बोलतेय असं कुणालाही वाटलं असतं, फौजदारालाही वाटलं, पण इतक्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. दोन माणसं परस्परांच्या विरुद्ध बोलत असली तरी दोघंही खरं बोलत असू शकतात, मधली वस्तू खोटी असते.

तिने वहिनीला विचारलं, ऊन कुठे होतं त्या चित्रात? वहिनी गोंधळली, मग डोळे मिटून म्हणाली, पलंगाच्या पायाशी, चादरीवर. दोन्ही वेळा? दोन्ही वेळा.

फौजदार खाली आईच्या खोलीत जाऊन बसली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. लेकीने कपाळावरून हात फिरवला तरी ती पुन्हा वळली नाही. वहिनी क्लास संपवते त्या सुमाराला ऊन चादर सोडून कपाटावर गेलेलं होतं. म्हणजे वहिनीने पाहिलं ते त्या घटकेचं चित्र नव्हतंच. जुनं चित्र मोबाइलवर तसंच अडकून बसलं होतं आणि बिचारी त्याच्याकडे बघून निश्चिंत होत होती.

वायर काढली की असं होतं का, हे तपासायला तिने स्वतःच आईच्या खोलीतल्या डब्याची वायर काढली. मोबाइलवर लगेच काळी पाटी आली, कॅमेरा बंद आहे म्हणून. परत खोचली, चित्र आलं. अडकलं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. मग तिने ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा नीट लावलं आणि भगदाडाच्या आधीचं शेवटचं चित्र मोठं करून पाहिलं.

मावशी खुर्चीत होत्या. दोन्ही हातांत पसरलेली चादर होती, एक टोक हनुवटीखाली दाबलेलं. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाच्या पलीकडे.

चित्र बंद पडलं त्या क्षणी मावशी डब्याजवळ नव्हत्याच.

३

दादाला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की मग टॉवेलचं काय? टॉवेल कशाला टाकायच्या त्या?

उत्तर आईने दिलं. ती दोघांचं बोलणं ऐकत होती. तोंड वाकडं करत, एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, "कपडे. बदलताना."

त्या कॅमेऱ्याचं चित्र दादाच्या मोबाइलवर होतं, जावयाच्याही होतं. आईला उघडं करून अंग पुसायचं, ते मुलाने आणि जावयाने पाहायचं, हे चौघांपैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ते फक्त मावशींच्या मनात आलं आणि त्याचाच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाला. फौजदाराने कॅमेऱ्याकडे नीट पाहिलं तर त्याचं तोंड पलंगापेक्षा खुर्चीकडेच जास्त वळलेलं.

"हा असा कुणी लावला?" तिने विचारलं.

दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मी. आईसाठी म्हणूनच घेतला गं. पण लावताना वाटलं, बाई काय करते तेही दिसू दे." एवढं बोलून तो उगाचच पडदा सारखा करायला लागला.

पण शरमून कोडं सुटत नाही. वायर कुणी काढली नाही, तर चित्र अडकलं कशाने? लाइन पुरवणाऱ्या कंपनीला विचारलं. तिथे फोनवर असलेल्या मुलीने तपासून सांगितलं की बाहेरून लाइन त्या दुपारी एकदाही तुटलेली नाही, जे काही झालं ते तुमच्या घरातच. फौजदाराने जुनी रेकॉर्डिंगं काढली. चित्र त्या एका दुपारीच नाही, आधीही बऱ्याचदा अडकलं होतं, थोडा थोडा वेळ, नेहमी दुपारीच. दादा म्हणाला, बघ, बाईंची सवयच होती ती. फौजदाराने त्याच्यापुढे एक दिवस धरला. त्या दिवशीही चित्र अडकलेलं आणि त्या दिवशी मावशी रजेवर होत्या. आईजवळ दादा स्वतः बसला होता. त्याला ते आठवत होतं. चिडून त्यानेच डब्याला चापट मारली होती.

मग फौजदार पुन्हा जिना चढली. वहिनी दुपारी क्लास संपल्यावर काय करते? वहिनीला यात गुन्हा दिसेना. क्लासचा व्हिडिओ बायकांना पाठवते, दुसरं काय. मोठा असतो, जायला बराच वेळ लागतो. त्या दिवशी तर आदल्या दिवसाचाही पाठवायचा राहिला होता, तो तिने क्लास चालू असतानाच लावून दिला होता.

"आत्ता एक पाठव," फौजदार म्हणाली.

वहिनीने पाठवायला घेतला आणि फौजदार मोबाइलमध्ये आईकडे बघत राहिली. आई पंख्याकडे बघत होती. थोड्या वेळाने खालून दादा जोरात म्हणाला की मी आईजवळ जाऊन उभा आहे, दिसतोय का. मोबाइलमध्ये दादा नव्हता. एकटी आई होती, पंख्याकडे बघणारी, आणि पंखासुद्धा थांबलेला.

वहिनीने मशीनवर डोकं टेकलं. "म्हणजे मी केलं हे?"

४

इथे कुणीही थांबलं असतं. पण फौजदाराला एक गोष्ट खटकत होती. घरात असे डबे तीन होते. एक पुढच्या खोलीत, जिथे बाहेरची लाइन येते. दुसरा जिन्याच्या वळणावर, वहिनीच्या खोलीला लागून. तिसरा मागे, आईच्या खोलीत. पहिल्याने दुसऱ्याला द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, हातोहात बादल्या द्याव्यात तसं. आईला झटका आल्यावर भावाबहिणीने मिळून हे नवेकोरे आणले होते, एकाच खोक्यातले तीन, त्या कंपनीचे सगळ्यांत भारी. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की घरभर एकाच वेळी सिनेमे लावलेत तरी हूं की चूं करणार नाहीत. खोकं जावयाने नेलं, सवडीने डबे तयार करून आणले आणि एका रविवारी बसवून दिले. सासरच्या माणसांनी वर कौतुक केलं. मग एका शिवणाच्या व्हिडिओने यांची अशी दमछाक का व्हावी?

तिने एक साधी युक्ती केली. जिन्यातला डबा काढून आईच्या खोलीत लावला आणि आईच्या खोलीतला जिन्यात. थोड्या वेळात दोघांचे दिवे हिरवे झाले. वहिनीला म्हणाली, पुन्हा पाठव.

वहिनीने तोच व्हिडिओ पाठवला. खाली दादा हात हलवत होता, मोबाइलमध्येही हलवत होता. पंखा फिरत होता. व्हिडिओ संपेपर्यंत चित्र एकदाही अडकलं नाही.

जिना तोच, वहिनी तीच, व्हिडिओ तोच. बदलला होता फक्त डबा.

"वहिनी, तुझा काही संबंध नाही," ती म्हणाली. वहिनीने पदराने डोळे पुसले आणि मग खोट डब्यात आहे हे लक्षात आल्यावर ती जावयाचं नाव घेऊन म्हणाली की त्यांना दाखवू, ते बरोबर बघतील. फौजदार हो म्हणाली.

आईच्या खोलीत जाऊन तिने मूळचा जिन्यातला डबा उचलला. वरून तिन्ही सारखे, भाऊ शोभावेत असे. तो उलटा केला. बुडावर मॉडेलचा क्रमांक असतो, तो बाकी दोघांचा एक होता आणि याचा वेगळा. त्याच कंपनीचा, पण जुना.

खोक्यात जुना डबा घालून दुकानदाराने फसवलं, असं ती दादाला सांगणारच होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात क्रमांकाखाली दोन बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा दिसला आणि त्याला चिकटून आलेला भिंतीच्या रंगाचा नखाएवढा पापुद्रा. शेवाळी, किंचित राखाडी मारलेला.

या घरात तसली भिंत नव्हती. दुकानातही नसणार. तो रंग तिने स्वतः रंगाऱ्याच्या डोक्यावर बसून, परत परत मिसळायला लावून करून घेतला होता. तिच्या घराच्या बोळात.

"काय गं, काय सापडलं?" दादाने विचारलं.

"बघते," ती म्हणाली आणि डबा पर्समध्ये टाकून चपला घालायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा फौजदाराने सापडलेला पुरावा लपवला.

५

नवरा घरी टेबलावर वाकून नकाशा काढत होता. घरांचे नकाशे काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वस्तू वाया गेलेली मात्र त्याच्याने बघवत नसे. बंद पडलेल्या पंख्याचे स्क्रूसुद्धा तो बरणीत भरून ठेवायचा. तिने डबा त्याच्या नकाशावर ठेवला. त्याने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल खाली ठेवली.

त्याने लपवलं काहीच नाही. आपल्याकडे तुझ्या मीटिंगा सारख्या अडकायच्या, तू चिडायचीस, म्हणून त्या तिनातला एक आपल्याकडे ठेवला आणि आपला जुना तिकडे दिला, तो म्हणाला. जुना टाकून काय द्यायचा? चांगला चालता डबा. आणि कंपनीच सांगते की नवे-जुने एकत्र चालतात. लावला की ॲपने लगेच ओळखला, हिरवा दिवा लागला, सगळ्या मोबाइलवर नेट आलं.

"मग आईच्या खोलीत का अडकतं?"

त्याने नाक चोळलं. हे त्याला कळत होतं, आजवर त्याने त्याचा विचार केला नव्हता इतकंच. नव्या डब्याला दोन दारं असतात म्हण, तो सांगायला लागला. एक घरातल्या माणसांसाठी, एक खास आपापसांत देवाणघेवाण करायला. जुन्याला एकच दार. त्याच दाराने माणसंही जाणार आणि पुढच्या डब्याचा मालही. एरवी काही कळत नाही. पण दारात गर्दी झाली की मागच्याने खोळंबून राहायचं. आणि मी नेमका तो मधे लावला, तो म्हणाला. शेवटाला लावला असता तरी चाललं असतं. जिन्यात खिळा आयताच होता, म्हणून तिथे अडकवला.

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

"मला."

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "तुला माहीत होतं की. नवा डबा बोळातल्या फळीवर आहे, येता-जाता दिसतो. तूच म्हणालीस, आता कसं सुसाट चालतंय म्हणून. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू बोलत नाहीयेस."

ती बोळात गेली. फळीवर डबा होता. फळीच्या वर, जिथे पूर्वी जुना डबा चिकटवलेला होता, तिथे निसर्गदृश्याची एक फ्रेम टांगलेली होती. ती फ्रेम तिनेच टांगली होती. भिंतीचा रंग निघालेला दिसला तेव्हा तिला त्या शेवाळी रंगाचं वाईट वाटलं, आणि तिने दुकानात जाऊन मापाची फ्रेम आणली. इथला डबा कुठे गेला, हा फळीवर कुठून आला, नेट एकाएकी सुसाट कशाने झालं, यातलं एक अक्षर तिने विचारलं नाही. जळालेल्या दुकानात पाऊल टाकल्याबरोबर ती मालकाला पहिला प्रश्न विचारायची, या रिकाम्या जागेत आधी काय होतं? ऑफिसात नव्या मुलांना ती हेच शिकवायची.

विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर डबा परत द्यावा लागला असता. हे तिला तेव्हाही आत कुठेतरी कळत होतं. आईच्या वाटच्या तीन डब्यांतला एक आपल्या फळीवर आहे, आणि आई बिचारी कशाला मोजायला येतेय. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नवरा मागे येऊन उभा राहिला तेव्हा तिने त्याला जा म्हणून सांगितलं.

६

तिने फळीवरचा डबा काढला आणि माहेरी नेऊन आईच्या खोलीतल्या रिकाम्या जागी लावला. दादा आणि वहिनीसमोर सगळं सांगितलं, नवऱ्याचं आणि आपलंही. वहिनीने विचारलं की तुला खरंच माहीत नव्हतं? ती म्हणाली, माहीत करून घेतलं नव्हतं. वहिनी बसल्या जागी जरा लांब सरकली.

दादा लवकर सावरला. त्याने संस्थेला काय सांगायचं तेही ठरवून टाकलं. तांत्रिक अडचण होती म्हणायचं. खोटंही नाही ते. मावशींनाही तेवढंच पुरे, उद्यापासून या म्हणावं, घरातली धुणी बाहेर कशाला?

फौजदाराने संस्थेला फोन लावून तसंच सांगितलं. पलीकडच्या बाई बरं म्हणाल्या, तक्रार रद्द केली, काही विचारलं नाही. एका माणसाचं नाव पुसता पुसता राहिलं आणि त्याला दोन शब्द पुरले. तिला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचंच मग वाईट वाटलं. त्या हलक्या-जड मनाने ती मावशींचं घर शोधत गेली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. मावशी दाराशी आल्या. त्यांनी पहिलं विचारलं, "आजी जेवतात का?" जेवत नाहीत म्हटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मग आत या म्हणाल्या, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. कोपऱ्यात शाळेच्या शेवटच्या वर्षातली त्यांची मुलगी पुस्तक उघडून बसली होती. तिने मान वर केली नाही.

फौजदार म्हणाली, "मावशी, चूक झाली. ती तांत्रिक अडचण होती. संस्थेला कळवलंय. तुम्ही उद्यापासून या."

मावशींनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "येईन की, आजींसाठी येईन. पण त्याआधी एक करा. माझा फोन बिघडलाय, कानाला लावून आवाज येत नाही, स्पीकरवरच बोलावं लागतं. तुम्ही त्या दिवशी बोललात ते हिने सगळं ऐकलं. मी नाही म्हणून सांगितलं हिला, तर म्हणते, एवढ्या शिकलेल्या बाई उगाच कशाला खोटारडी म्हणतील. मला सांगू नका. हिला सांगा."

फौजदाराने ग्लास खाली ठेवला. तांत्रिक हा शब्द पुन्हा तोंडाशी आला आणि तिने तो गिळला. मग त्या मुलीसमोर खुर्चीवरून उतरून ती चटईवर बसली आणि सांगायला लागली. आईसाठी तीन डबे घेतले होते. त्यातला एक आमच्या घरी राहिला आणि आमचा जुना आम्ही आईला दिला. मला ते दिसत होतं, पण माझं काम सुखाने चाललं होतं म्हणून मी विचारलं नाही. त्या जुन्या डब्यामुळे कॅमेरा अडकला, आई पडलेली कुणाला दिसली नाही, आणि मी काहीही न बघता तुझ्या आईला खोटारडी म्हटलं. तुझी आई खरं बोलत होती. सुरुवातीपासून तेवढी एकटीच खरं बोलत होती.

मुलीने सगळं ऐकलं. एकदा आईकडे पाहिलं, मग फौजदाराकडे. तिच्या आवाजात खोच नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तुम्हाला काढलं का?"

"कुठून?"

"कामावरून."

"नाही," फौजदार म्हणाली.

मुलीने मान हलवली. असंच असणार हे तिला बहुतेक आधीच ठाऊक होतं. तिने पुस्तक पुढे ओढलं आणि पुन्हा वाचायला लागली.